किनेटिकचा दबलेला दम

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला तशी बहिणीने पत्र्याखाली पडून असलेली किनेटिक होंडा त्याच्या हवाली केली. १९९५ ची डीएक्स, ९८ सीसी, टू-स्ट्रोक. आठ दिवसांत तो ती घेऊन सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या शेडवर हजर. "मामा, पळतच नाही ओ ही. कंपनीने अडवून ठेवलेली असते म्हणे, उघडून द्या."

"कुणी सांगितलं बे?"

मोबाईल पुढे केला. परदेशातली पोरं ५० सीसीच्या स्कूटरमधून वॉशर काढून दाखवत होती.

ते खोटं नाही. युरोपात ५० सीसीच्या स्कूटरला ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणून कारखान्यातूनच तिला लगाम घालून पाठवतात. हा लगाम साधारण चार ठिकाणी असतो. व्हेरिएटरच्या (बेल्टच्या पुढच्या पुलीच्या) बुशवर वॉशरची एक कडी, म्हणजे पुलीच्या दोन ताटल्या पूर्ण मिटत नाहीत आणि बेल्ट वर चढत नाही. सायलेन्सरच्या गळ्यात अरुंद छिद्राची चकती. कार्बोरेटरला बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्रच लहान, नाहीतर थ्रॉटल पूर्ण उघडू न देणारी अडणी. आणि सीडीआयमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीत, ठरावीक फेऱ्यांनंतर ठिणगी तोडायची सोय. आपल्याकडे ९८ सीसीच्या गाडीवर अशी अट नव्हती, म्हणून काढायला वॉशरही नाही. पण गंमत अशी, की तीस वर्षांत त्याच जागा आपोआप अडल्या होत्या. सायलेन्सरचा गळा काजळीने, व्हेरिएटर झिजलेल्या रोलरने, कार्बोरेटर वाळलेल्या पेट्रोलने. काम तेच, फक्त इथे अडवणारी कंपनी नव्हती, आपणच होतो.

मी मेकॅनिक नाही, टर्नर आहे. यंत्रमागाचे भाग लेथवर करतो. त्यामुळे मोजल्याशिवाय हात लावायची सवय नाही, आणि तुम्हीही पहिलं काम तेच करा. एक वही घ्या. भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, एक सपाट सरळ पट्टा ठरवा. मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघा, कारण जुन्या स्पीडोमीटरचा काटा मनाचा राजा असतो. थांबलेल्या गाडीपासून ताशी ४० गाठायला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांना मोजा आणि सरासरी लिहा. मोजताना चालवणारा तोच, टाकीतलं पेट्रोल साधारण तेवढंच आणि हवाही तेवढीच हवी. आमची किनेटिक पहिल्या दिवशी १९ सेकंद खात होती, आणि ४२ च्या पुढे जायला तयार नव्हती. मग एका वेळी एकच काम करायचं आणि पुन्हा मोजायचं. सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

त्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, बघून घ्या. इंजिन गरम करून प्लग काढायचा, गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून पाच-सहा किका मारायच्या. आमच्या गाडीला चौरस इंचाला १०८ पौंड आलं. एवढं असेल तर ब्लॉक-पिस्टनला हात लावायची गरज नाही. ऐंशीच्या आसपास आलं असतं तर मी वही मिटून आधी ब्लॉक बोअर करायला दिला असता. दमेकऱ्याला नवे बूट घालून उपयोग काय?

आता सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे निम्मं इंजिन, हे डोक्यात पक्कं बसवा. इथे फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. पिस्टन खाली येतो, धूर बाहेर पडतो आणि त्याच वेळी ताजं मिश्रण आत शिरतं, त्यातलं थोडं धुराच्या मागोमाग निसटतं. सायलेन्सरच्या आतल्या आकारावर आपटून दाबाची लाट परत येते आणि निसटणारं मिश्रण ढकलून पुन्हा सिलिंडरमध्ये घालते. म्हणून त्याची लांबी आणि आतले कप्पे मोजून केलेले असतात. "जाळी काढली की गाडी मोकळी होते" हे आवाजावरून ठरवलेलं शास्त्र आहे.

मीही त्याच शास्त्राचा विद्यार्थी होतो. बावीस वर्षांचा असताना माझ्या चेतकच्या सायलेन्सरमधली नळी ग्राइंडरने कापून काढली. आवाज असा, की गल्लीत सगळ्यांना कळायचं मी आलो. कोजागिरीला सोलापूरची माणसं तुळजापूरला पायी जातात. मी स्कूटरवर ऐटीत निघालो. घाटात अर्ध्यावर गाडी आवळल्यासारखी झाली आणि पिस्टनने ब्लॉक धरला. सायलेन्सर मोकळा केल्यावर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मीही पायीच पोहोचलो, फक्त सोबत स्कूटर ढकलत.

तर कापू नका, स्वच्छ करा. सिलिंडरकडचे दोन नट सोडायच्या आधी रात्रभर गंज-तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटतो आणि मग टर्नरचीच आठवण येते. खाली उतरवल्यावर सायलेन्सर काट्यावर ठेवला: ३ किलो ९२० ग्रॅम. लोखंडी सायलेन्सरला कॉस्टिक सोडा चालतो. उघड्या जागेत, रबरी हातमोजे आणि गॉगल घालून सोडा थोडा थोडा पाण्यात टाका. पाणी सोड्यावर कधीच ओतू नका, उकळून अंगावर येतं. एका तोंडाला लाकडी बूच मारून द्रावण भरा, वरचं तोंड उघडंच राहू द्या, चोवीस तास उभा ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. भट्टीत घालून जाळायची जुनी पद्धतही आहे, पण तो धूर आपल्या आणि शेजाऱ्यांच्या छातीत जातो, शिवाय पत्रा मऊ पडतो.

वाळवून पुन्हा तोललं: ३ किलो ६६०. म्हणजे पाव किलोहून जास्त काजळी ती गाडी पोटात घेऊन फिरत होती. पोरगं काट्याकडे बघतच राहिलं.

सायलेन्सर उतरवलाच आहे तर ब्लॉकचं एक्झॉस्टचं तोंडही बघा. तिथे काजळीची कडा जमून छिद्र अरुंद झालेलं असतं. पिस्टन असा फिरवून ठेवा की तोंड पिस्टनने पूर्ण झाकलं जाईल, म्हणजे खरवड आत पडणार नाही. खरवडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊ नका, ओरखडा पडतो आणि तिथेच पुढची काजळी धरते. मी मागाच्या तुटक्या धोट्याचं लाकूड छिलून घेतो. धोट्याचं लाकूड कठीण असतं, पण ॲल्युमिनियमला इजा करत नाही. सोलापुरात तुटका धोटा मिळायला अडचण नाही, बाकी ठिकाणच्यांनी सागाची काडी घ्यावी. बसवताना पॅकिंग नवीनच घाला. जुनं पॅकिंग फुसफुसलं तर लाटेचं सगळं गणित बिघडतं.

या एका कामाने १९ चे १४ सेकंद झाले. एकही नवा भाग न घालता.

एअर फिल्टरचं आपल्या गावाचं स्वतंत्र दुखणं आहे. भाच्याचं घर ज्या पेठेत आहे तिथे दर दोन घरांआड माग चालतात, आणि हवेत कापसाचा बारीक तंतू कायम उडत असतो. तो फिल्टरच्या स्पंजवर बसला की गोधडीसारखा थर होतो. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग धूर आणि काळा प्लग. स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, फाटतो. पूर्ण वाळला की तेलाचे थेंब देऊन दोन तळव्यांत दाबा, जादा तेल निथळू द्या. स्पंज हाताला चुरा होऊन येत असेल तर टाकून द्या. फिल्टर काढूनच चालवायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे व्हा.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबरी जोड वाकवून बघा, भेगा दिसतील. इंजिन चालू असताना त्यावर कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारा, सायलेन्सरपासून लांब राहून. आवाज बदलला तर तिथून चोरून हवा जाते आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी लगेच खाली न येता घुमत राहते, हीही त्याचीच खूण, किंवा मग क्रँकचं ऑईल सील गेलेलं असतं. ही चोरटी हवा बंद केल्याशिवाय जेटला हात लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी मोजणं.

जेट हा विषय सगळ्यांना आवडतो आणि सगळे तिथेच चुकतात. आधी फक्त स्वच्छता. फ्लोटच्या वाटीत तळाला तपकिरी चिकटा असेल. पायलट जेटचं छिद्र केसाएवढं, त्यात तांब्याची तार घातली की ते मोठं झालंच समजा. क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरते. फारच अडलं तर नायलॉनच्या दोऱ्याचा एक धागा.

मग हवेचं गणित. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे दाब मुंबईपेक्षा पाचेक टक्क्यांनी कमीच. वरून मे महिन्यात पारा ४२ ला, तर डिसेंबरच्या पहाटे १५-१६ वर. एवढ्या फरकाने हवेची घनता आठ-नऊ टक्क्यांनी बदलते. उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून मिश्रण जाड. हिवाळ्यात हवा दाट, म्हणून पातळ. आता यात नवीन भिडू आला आहे, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो १९९५ च्या हिशोबाने तेवढंच सोडतो. परिणाम, मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आणि आपलाच पिस्टन धरतो, तक्रार कुणाकडे करायची? उन्हाळ्यात विरळ हवा थोडं सांभाळून घेते, पण थंडीच्या पहाटे होटगी रोडला गाडी ताणली तर दोन्ही पातळपणा एकत्र येतात. इंजिनं जाम व्हायची ती अशाच वेळी.

म्हणून कंपनीच्या नंबरपेक्षा एक नंबर मोठा मेन जेट मी घालतो, लहान कधीच नाही. खात्री प्लगवरून करायची. नवा प्लग लावा, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. गाडी गरम करा, सरळ मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरवर अर्धा-पाऊण किलोमीटर न्या, मग मागे कुणी नाही हे बघून तशीच चावी बंद करा आणि घरंगळत कडेला थांबवा. प्लग काढून चिनी मातीचा बुडखा बघा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग असेल तर उत्तम. पांढराफटक म्हणजे पातळ, लगेच मोठा जेट. काळा ओलसर म्हणजे जाड. इथेनॉलमुळे रंग थोडा फिका येतो, तेवढी सूट द्या. प्लग बसवताना आधी हाताने चार आटे फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटा गेला तर पुन्हा माझ्याकडेच.

जुने रबरी पाइप आणि फ्लोटची सुईही या पेट्रोलने फुगतात. इथेनॉल चालणारा पाइप घाला. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि वाटी रिकामी करा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ऑईलबद्दल एक उलटं सत्य. "जास्त ऑईल म्हणजे इंजिन सुरक्षित" असं म्हणत लोक पेट्रोलमध्येही वरून ऑईल ओततात. पण जेटमधून जाणाऱ्या थेंबात ऑईल जितकं जास्त, तितकं पेट्रोल कमी. म्हणजे मिश्रण आणखी पातळ, आणि काजळी वेगळीच. हाताने मिसळायच्या गाडीला लिटरमागे २० मिलि, बस्स. किनेटिकला वेगळी टाकी आणि पंप आहे. टाकी कधी कोरडी पडली असेल तर पाइपात हवेचा बुडबुडा अडकतो, तो काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पंपाला ॲक्सिलरेटरची केबल जात असेल तर खुणेला खूण जुळते का तेही बघा. ऑईल टू-स्ट्रोकचंच हवं, कारचं नाही.

फिल्टर, जोड, जेट इतकं झाल्यावर वहीत साडेबारा सेकंद.

आता डाव्या बाजूचं झाकण. व्हेरिएटर म्हणजे आपोआप गिअर बदलणारी पुली. इंजिन फिरलं की आतले रोलर बाहेर फेकले जातात, ताटली ढकलतात, बेल्ट वर चढतो. पुली खोलायच्या आधी एक युक्ती: पुढच्या पुलीच्या ताटलीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने सरळ रेघ ओढा, झाकण लावा, गाडी जितकी पळेल तितकी पळवून आणा, मग बघा रेघ कुठपर्यंत पुसली. कडेपर्यंत पुसली तर बेल्ट पूर्ण चढतो. परदेशी ५० सीसीत ती कडी असेल तर रेघ नेमकी मध्येच थांबते. आमची रेघ वरचे आठ मिलिमीटर तशीच राहिली होती. कडी नव्हतीच, मग अडवत होतं कोण?

रोलर काढले तर सहाही एका बाजूने चपटे, चौकोनी झालेले. गोल असायला हवा तो घसरत, अडखळत होता. बेल्टही रुंदीला दीड मिलिमीटर झिजलेला. अरुंद बेल्ट पुलीत खोल बसतो, म्हणजे वरचा वेग आपोआप गेला. व्हर्नियरने मोजा, डोळ्याने कळत नाही.

रोलर पुण्याहून मागवले. सराफाच्या काट्यावर तोलून घेतले, सगळे सारखे हवेत. इथे लोक हलके रोलर घालायला सांगतात. हलक्या रोलरने इंजिन जास्त फिरल्यावर बेल्ट चढतो, म्हणजे पिकअप येतो, पण पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन तापतं. वरचा वेग त्याने वाढत नाही. जड घातले तर उलट, चौकातून निघताना गाडी सुस्त. मूळ वजनापासून एकदम फार लांब जाऊ नका. मी एकदा शहाणपणा करून पितळेचे रोलर लेथवर स्वतः काढले होते. दिसायला दागिने. दोन महिन्यांत त्यांनी ताटलीतल्या खाचा खाऊन टाकल्या. रोलरवर नायलॉनचं आवरण असतं ते उगाच नाही. आणि तिथे ग्रीस फासू नका, धूळ धरून दगड होतो. कोरडंच चालू द्या.

बसवताना सगळ्यात महागडी चूक इथे होते. मागच्या पुलीच्या ताटल्या हाताने फाकवून बेल्ट तिथे खोल दाबा, म्हणजे पुढे तो सैल पडतो, आणि मग पुढचा नट आवळा. तसं केलं नाही तर बेल्ट ताटली आणि बुशच्या मध्ये चिमटतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि दहा किलोमीटरवर ढिला होऊन क्रँकच्या दातांची वाट लावतो. नट सोडताना पुली धरायला होल्डर वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून पाती तोडलेल्या गाड्या मी डझनभर पाहिल्या. क्लचचे बूट काचेसारखे चकाकत असतील तर पॉलिश पेपरने हलके घासा. घासताना तोंडाला रुमाल बांधा, आणि ती धूळ फुंकू नका.

इतकं केल्यावर १० सेकंद आणि ताशी ६४.

"आता हेड घासू या ना मामा, लेथ तर आहे." मला मोह झाला नाही असं नाही. पाव मिलिमीटर उतरवायला दहा मिनिटं. पण ही पंख्याच्या हवेवर थंड होणारी गाडी आहे, आणि मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला तो पंखा गरम हवाच ढकलतो. कॉम्प्रेशन वाढलं की उष्णता वाढते, मग ठोका येतो, पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. पोर्ट, म्हणजे ब्लॉकमधली मिश्रणाची आणि धुराची तोंडं, घासून मोठे करायचं तर नावच काढलं नाही. एकदा काढलेलं धातू परत लावता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मनाई आहे, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पासिंगला उभं राहावं लागतंच. आपण केलं ते सगळं मूळ मापाला परत आणणं होतं. पीयूसीला धूर आधीपेक्षा कमी आला.

चाकं उचलून हाताने फिरवा. आमचं मागचं ब्रेक शू घासत होतं, केबल दोन आटे सैल केली. टायरमध्ये हवा भरा. आणि आता गाडी पळते आहे तर थांबलीही पाहिजे, म्हणून दोन्हीकडचे ब्रेक शू नवीन घातले. त्याचे पैसे भाच्याच्या खिशातून, मुद्दाम.

पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर सायलेन्सरचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळायचे, प्लगचा रंग बघायचा. भाचा रविवारी आला तेव्हा एक नट पाव फेरा ढिला होता. प्लग शेंगदाण्याचाच. जुने सहा रोलर मी चुन्याच्या डबीत घालून वर वजन लिहून ठेवलेत. तो ते हलवून विचारत होता, "आणि दोन ग्रॅमने हलके घातले तर ओ मामा?"

वही त्याच्याकडे दिली. म्हटलं, आधी मोज.